परस्तावित पाहुना

"साहेब, चहा घेता का?" म्हटलं का तो म्हने, "नाही म्हणता येणार नाही."

आता याचा अर्थ काय लावा? हो म्हना, नाही तं नाही म्हना. मी दिग्रसच्या रेस्ट हाऊसवर लय वर्सं सयपाक केला. आमदार पाह्यले, इंजिनेर पाह्यले, जेवनाच्या ताटावर झोपलेले बी पाह्यले, पन असा मानूस पाह्यला नाही. पयल्या डावाले मी चहा केलाच नाही, तं तो टेबलापाशी वाट पाहत बसून राह्यला. दुसऱ्या डावाले कप भरून नेला, तं म्हने, "मी हो म्हणालो होतो का?" मंग मी अर्धा कप नेऊ लागली. तो अर्धा कप त्यानं खिडकीच्या उजेडात धरून पाह्यला अन् म्हने, "बाई, तुम्हाला राजशिष्टाचार कळतो."

मले काही कळला नोता. चहा वाया जाऊ नये म्हनून अर्धा केलता.

तो नायब तहसीलदार होता, पन त्याच्याकडे जमिनी-बिमिनीचं काम नोतं. मोठी मानसं आली का त्याइले उतरवून घ्यायचं, बसवायचं, जेवू घालायचं अन् सुखरूप रवाना करायचं, इतकंच. उंच, वाळकुडा, कोटाची बटनं उन्हाळ्यातबी लावलेली. आपल्या इकडचा नोता, बोलनं पुस्तकासारखं. त्याच्या खिशात कायम शिंप्याचा टेप राहे. जाईन तिथं पयले सतरंजी मोजे, मंग दरवाजा मोजे, मंग दरवाज्यापासून खुर्ची मोजे. त्याच्या बोलेरोचा ड्रायव्हर त्याले पाठीमागून 'सतरंजी साहेब' म्हने.

खुर्च्या मांडल्या का मधातली एक तो रिकामी ठेवे. तिच्यावर पांढरा टावेल, इस्तरी केलेला. कोनी बसाले गेलं का म्हने, "ती पाहुण्याची."

"पन साहेब, पाहुना तं उद्या येनार हाय."

"म्हणूनच."

एकडाव दोन पुढारी एकाच दिवशी आले. दोघाइचं एकमेकाशी बोलनं बंद, अन् दोघाइलेबी मोठी खोलीच पाह्यजे. साहेबानं काय करावं? चौकीदाराले सांगून मोठ्या खोलीच्या दारावर निळ्या रंगाचे दोन फटकारे मारले, अन् दोघाइले दोन लहान खोल्या देल्या. "रंगकाम चालू आहे," म्हने. दोघंबी खुश, का त्यालेबी नाही भेटली. तो दरवाजा मंग कितीक वर्सं तसाच होता, अर्धा पांढरा अन् दोन फटकारे निळे. कोनी विचारलं का साहेब म्हने, "काम चालू आहे."

अन् एक गोष्ट तो हमेशा म्हने. मी कांदा चिरत असो, नाही तं भाकरी थापत असो, तो सयपाकखोलीच्या दारात उभा राहून म्हने, "पाहुणा येणं एवढं महत्त्वाचं नसतं, बाई. पाहुणा येणार असणं महत्त्वाचं."

मी म्हनो, व्हय साहेब. अन् वरनाले फोडनी देओ.

मी पुसद रोडकडच्या तांड्यातली. तांडा म्हंजे आमची बंजाऱ्याची वस्ती. आमचे आजे-पंजे बैलाइवर मीठ अन् धान्य लादून मुलूख फिरले, आमी आता कापूस वेचतो अन् तूर सोंगतो. माहे मालक जिनिंगवर रुईच्या गठानीखाली दबून गेले तवा पोरगा कडेवर होता अन् पोरगी हाताशी. मंग मी रेस्ट हाऊसवर रोजानं लागली. शाळा म्हनाल तं दुसरी. अक्षरं वळखू येतात, पन वाक्य होईपर्यंत पयलं अक्षर इसरून जाते.

तांड्याच्या अन् डांबरी रोडाच्या मधात नाला हाय. उन्हाळ्यात त्याच्यात बकऱ्या बसतात. पावसाळ्यात तो कोनाच्या बापाचं आयकत नाही. माही पोरगी बाळंतपनाले माहेरी आलती. कळा सुरू झाल्या अन् नाला भरलेला. बाजेवर टाकून लोकाइनं काठावर आनली. त्या काठावर दवाखान्याची गाडी उभी, ह्या काठावर आमी. तिचा ड्रायव्हर हात हालवे, आमीबी हात हालवो. पानी उतरलं तवर गाडीचं काम राह्यलं नोतं. पोरगी गेली, पोटातलंबी गेलं.

पूल मांगाले आमचे नायक, म्हंजे तांड्याचे मुखिया, कितीकदा जाऊन आलते. दर डाव साहेब लोक म्हनत, "पाहू." सरकारनं लय पाह्यलं.

मंग त्या वर्षी दिवाळी झाल्यावर साहेब सयपाकखोलीत आला. दार लावून घेतलं. मले वाटलं, नोकरी गेली.

"बाई, तुम्ही बंजारा ना?"

"व्हय."

"तुमचे कोणी नातेवाईक परदेशात आहेत का?"

"साहेब, माहा सख्खा भाऊ उमरखेडले हाय, तोबी येत नाही."

तो हासला नाही. त्यानं सांगतलं का दूर एक देश हाय. नाव काही माह्या जिभेवर बसलं नाही. तिथं आमच्यावानीच गाड्या घेऊन फिरनारे लोक हायेत. गावं त्याइले थारा देत नोती, शिपाई हाकलून लावत. त्यातलाच एक जन शिकला, निवडून आला, मंत्री झाला. कोन्या जानकारानं त्याले सांगतलं का तुमचे पूर्वज हिंदुस्थानातून निघालते, बंजाऱ्याच्या गोतातले असन. मंग त्यानं धरलं, दिल्लीले आलो का एक तांडा पाहीन. दिल्लीनं मुंबईले विचारलं, मुंबईनं यवतमाळले, यवतमाळनं साहेबाले, अन् साहेबानं दार लावून मले.

एवढ्या तांड्याइतून आमचाच काहून, ते मले अजूनबी समजलं नाही.

"मंग येनार हाय का तो?"

"प्रस्तावित आहे."

"म्हंजे?"

"म्हणजे येणार असं म्हणायचं नाही. येणार नाही असंही म्हणायचं नाही. तयारी करायची, पण तयारी दिसता कामा नये."

मी म्हटलं, साहेब, हे तं लग्नाच्या पोरीवानी झालं. त्यानं त्यावर लय येळ इचार केला अन् म्हने, "बरोबर आहे."

त्याच साली माही सून पोटुशी राह्यली. पोळ्याच्या आसपास दिवस भरनार होते. पोळ्याले नाला कसा राहते ते मले मालूम. म्हनून साहेब बोले ते मी कान देऊन आयको. मले पाहुना नोता पाह्यजे. तो ज्या वाटेनं येईन ती वाट पाह्यजे होती.

"साहेब, पाहुना नाल्यातून कसा येईन?" मी एक दिवस हळूच इचारलं.

"हेलिकॉप्टर प्रस्तावित आहे."

माहा जीव खाली बसला. उडून येनाऱ्याले पूल कायले पाह्यजे? साहेब शिंप्याचा टेप घेऊन नायकाच्या वावरात गेला अन् उभ्या पराटीत जागा मोजाले लागला. टेप लहान, वावर मोठं. मोजून मोजून दुपार झाली. नायक बांधावर बसून पाहे. शेवटी म्हने, "साहेब, बोंडं फुटून राह्यली, अजून दोन वेचे बाकी हायेत. तुमचा पंखा फिरला तं माहा कापूस दिग्रसच्या बाजारात माह्याविना पोचन." वरतून इजेची तार बी जात होती. तवा हेलिकॉप्टर बारगळलं. मंग म्हने, नाल्यात रेतीची पोती टाकू, एका दिवसापुरती वाट करू. पाहुना गेला का पोती उचलू.

एका दिवसापुरती. बोलून कोनाचं झालं हाय.

मंग साहेबानं तांड्यात बैठक घेतली. देवळापुढं सतरंजी टाकली, मोजली, अन् लोकाइले समजावलं का पाहुन्याशी कसं वागायचं. नायक म्हने, "आमच्याच गोताचा हाय म्हनता, तं भाऊ म्हनू ना त्याले!"

"तेवढंच म्हणायचं नाही," साहेब म्हने. "दिल्लीचं अजून ठरलं नाही. आपण भाऊ म्हटलं तर त्यांचं सरकार म्हणेल, आमच्या देशातली माणसं तुम्ही आपली कशी म्हणता? आणि भाऊ नाही म्हटलं तर पाहुणा दुखावेल."

"मंग म्हनू काय?"

"नमस्ते म्हणा."

नायक माह्याकडे वळून आमच्या बोलीत म्हने, "याडी, हा मानूस घरी बायकोशी कसा बोलत असन?" याडी म्हंजे माय, म्हताऱ्या बाईले आमी तसंच म्हनतो. बायका पदरात तोंड घालून हासल्या. साहेबानं इचारलं, काय म्हणाले? मी सांगतलं, नमस्ते म्हनू म्हनतात.

जेवनाचंही तसंच. साहेबानं इचारलं, तुमच्यात पाहुण्याचा सगळ्यात मोठा मान कोणत्या पदार्थानं होतो? नायक छाती काढून म्हने, "सळोई!" साहेबानं इचारलं, त्याच्यात काय असतं? नायक म्हने, "बोकडाचं रगत." साहेबानं डोळे मिटले. त्याची ती सवय होती, अडचन आली का डोळे मिटून घे, जसा आत जाऊन कोनाले इचारून येते. मंग डोळे उघडून म्हने, "ते प्रस्तावित ठेवू."

खरी पंचाईत पुढंच होती. आमच्यात लय दिवसानं आपलं मानूस भेटलं का बाया त्याच्या गळ्यात पडून रडतात. असंतसं नाही, सूर लावून. त्या रडन्यात सारं सांगतात, तू गेला तवापासून कोन मेलं, कोनाले पोर झालं, कोनता बैल गेला, किती वाट पाह्यली. कोरड्या डोळ्यानं भेटलं तं समोरचा समजते, ह्याइले आपन नकोसे झालो. आता परदेशातून कोन जाने किती पिढ्यानं गोताचा मानूस येनार, अन् बाया नमस्ते म्हननार? पन रडलं तं तो भाऊ झाला. अन् भाऊ तं दिल्लीनं अजून केला नोता.

साहेब म्हने, "रडायचं नाही. स्मित करायचं."

त्यानं तालीम घेतली. ड्रायव्हरले मंत्री केलं, काळा चष्मा देला, बोलेरोतून उतरवलं. आमी बाया दोन रांगात. साहेब टेप घेऊन मधातून फिरे. "अंतर ठेवा. हसा. दात नको." एक म्हतारी म्हने, "साहेब, भेऊ नोका. ह्या ड्रायव्हरले पाहून रडू येतच नाही, हासूच येते." ड्रायव्हर चष्म्यातून तिच्याकडे पाहून म्हने, "म्हातारे, मंत्र्याशी नीट बोल, पेन्शन बंद करीन." साऱ्या रांगा इस्कटल्या. साहेबानं बिचाऱ्यानं पुन्हा मोजल्या.

दुसऱ्या दिवशी तो सयपाकखोलीच्या दारात आला. म्हने, "बाई, त्या रडण्यात तुम्ही काय सांगाल? पाहुणा आला तर?"

मी चुलीपाशी होती. म्हटलं, "मी आपली पोरीचं सांगीन, दुसरं काय. भाऊ, तू उशिरा आला, माही लेक नाल्याच्या काठावर गेली, तू असता तं खांद्यावर पार केली असती. असं."

तो चौकटीले टेकला. मंग इचारते, "आणि समोरच्यानं काय करायचं असतं?"

"काही नाही. डोक्यावर हात ठेवायचा अन् म्हनायचं, बस, बाई, बस. आलो ना मी."

"एवढंच?"

"एवढंच. पन म्हनलं पाह्यजे. नाही तं बाईचं रडनं थांबत नाही."

त्यानं मान हालवली. त्या दिवशी अर्धा कपबी त्यानं तसाच ठेवला.

संक्रांत झाली अन् आधी पाहनी कराले मानसं आली. पाहुन्याच्या वकिलातीतली एक गोरी बाई, अन् तिच्यासंग दिल्लीचा एक साहेब. रेतीची पोती अजून आली नोती. नाल्यात गुडघ्याइतकं पानी. दिल्लीवाल्यानं पँट वर केली, बूट हातात घेतले अन् कसाबसा पार झाला. गोरी बाई मधात घसरली. आमी बाया दोन रांगात काठावरच उभ्या होतो, मी खाली उतरून तिचा हात धरला अन् वर ओढली. पोरसवदा होती, केस पान्यानं चिकटलेले, घाघऱ्यावानी झगा वला झालेला, अन् ती माह्या हाताले घट धरून हासून राह्यली होती.

आता मी कसं सांगू. त्या नाल्यातून हात धरून वर येनारी पोरगी मी एकच मांगलती देवाले. ती आली नाही, ही आली. मले रडाचं नोतं. साहेबानं सांगतलं होतं, नोकरी त्याच्या हाती. पन सूर लागून गेला. मी तिच्या गळ्यात पडली अन् माही लेक, माहा नाला, सारं सुरात सांगाले लागली. माहं पाहून दोन्ही रांगातल्या बाया धावत आल्या. तांड्यातली एक बाई मांगं राह्यली नाही. कोनी मालकाचं रडे, कोनी मायचं, कोनी कोनाचं. नमस्ते कोनाच्या ध्यानातच राह्यलं नाही. ती गोरी पोरगी पयले घाबरली, मंग तीबी रडाले लागली, काहून ते तिचं तिले मालूम.

दिल्लीवाला बूट हातात घेऊन उभा. त्याचं तोंड लाल. साहेबाले म्हने, "ये सब क्या है? कोई आंदोलन है? इनकी माँग क्या है?"

मी तशीच रडता रडता साहेबाकडे पाह्यलं. आता सांगा. ही रीत हाय म्हटलं तं मानूस गोताचा होते, दिल्ली चिडते. मागनी हाय म्हटलं तं सरकारविरुद्धचा मोर्चा होते, नायकाले ठान्यात नेतात अन् माही रोजी जाते. साहेबानं डोळे मिटले. नाल्याच्या पान्याचा आवाज अन् आमचं रडनं, एवढंच. कोन जाने त्यानं आत जाऊन कोनाले इचारलं. मंग डोळे उघडून, कोट सरळ करून, तो म्हने, "सर, मेहमान को इनके दरवाज़े पर पानी में से आना पड़ा. इस बात का इन्हें दुख है."

दिल्लीवाल्यानं आपल्या वल्या पायाइकडे पाह्यलं, गोऱ्या बाईच्या झग्याकडे पाह्यलं. मंग त्याचा आवाज उतरला. "तो पुल क्यों नहीं है यहाँ?"

"प्रस्तावित है, सर," साहेब म्हने.

होळीच्या आधी मशीन आलं. खरं सांगते, मी मशीन पाहाले दोनदा सुट्टी मांगली. मोठाल्या सिमिटाच्या नळ्या आल्या, गिट्टी आली, लोखंड आलं. काल 'पाहू' म्हननारे आज टोप्या घालून नाल्यात उभे. पाहुना येनार हाय ना. सून पोट धरून बांधावर बसे अन् पाहे.

अन् मंग अर्ध्यातच बातमी आली. ड्रायव्हरनं मोबाईलवर दाखवलं, "मावशी, त्या देशातलं सरकार पडलं. तुमचा भाऊ आता मंत्री नाही राह्यला." नळ्या बसल्या होत्या, वरचा स्लॅब बाकी होता, अन् ढग यायचे दिवस जवळ आलते. मी हातातली पळी तशीच घेऊन साहेबाच्या टेबलापाशी गेली.

"साहेब, ड्रायव्हर म्हनते, पाहुना पडला."

"कुठे पडला?"

"सरकारातून. मोबाईलवर हाय."

"तुम्ही वाचलंत?"

"मले कुठं वाचता येते?"

"मग तुम्हाला माहीत नाही." त्यानं समोरचे कागद सरळ केले. "मला दिल्लीनं कळवलं आहे का, की पाहुणा येणार नाही? नाही. कळवेपर्यंत पाहुणा प्रस्तावित आहे."

"मंग तो येनार का नाही?"

"बाई," तो म्हने, "भाजी जळतेय."

खरंच जळत होती.

पन हवा बांधकामवाल्याइकडेबी पोचली. दोन दिवस मशीन आलं नाही. मंग नाल्यावर इंजिनेर आला, म्हने, आयकतो ते खरं असन तं पैसा दुसऱ्या कामाले वळवू, हे पुढच्या वर्सी पाहू. पुन्हा 'पाहू'. नायक माह्याकडे पाहे, मी सुनेच्या पोटाकडे पाहो.

साहेबानं काय करावं? त्याच दुपारी बोलेरो घेऊन तो नाल्यावर हजर. मांडव बांधला, सतरंजी टाकली, खुर्च्या मांडल्या, मधातल्या खुर्चीवर पांढरा टावेल. ड्रायव्हरले काळा चष्मा लावला. इंजिनेराच्या डोळ्यासमोर पुरी तालीम सुरू केली. अर्ध्या पुलाच्या तोंडापासून खुर्चीपर्यंत टेप लावला अन् इंजिनेराले म्हने, "जरा दुसरं टोक धरा."

इंजिनेरानं टोक धरलं. म्हने, "साहेब, येतो का तो खरंच?"

"टेप ताणून धरा," साहेब म्हने. "पाहुणा पुलाच्या मध्यभागी थांबून खाली पाणी पाहील. तिथे आपण उभे असाल. आपलं नाव मी कळवलेलं आहे."

इंजिनेरानं डोक्यावरची टोपी सरळ केली. दुसऱ्या दिवशी मशीन आलं.

त्यानंतर दर आठवड्याले तालीम. ऊन असं का डोक्याचं पानी होते, अन् साहेब कोट घालून सतरंजी मोजून राह्यला. तांड्यातले पोट्टे त्याची नक्कल करत. ड्रायव्हर म्हने, "मावशी, हा येडा झाला. पाहुना नाही, मंत्री नाही, मीच उतरतो अन् मीच चढतो." मलेबी समजे नाही. कधी वाटे, त्याले सारं मालूम हाय अन् तो आमच्यासाठी करून राह्यला. कधी वाटे, त्याले खरंच वाटते का पाहुना येईन. रिकाम्या खुर्चीपुढं तो असा वाकून नमस्कार करे का मी त्या खुर्चीकडे पाहो, कोनी बसलं तं नाही.

मिरगाच्या तोंडावर स्लॅब टाकून झाला. पयल्या पावसात लोकाइनं त्याच्यावर गोनपाट झाकले. अन् मंग साहेबाले यवतमाळले बलावलं. वापस आला तं बॅग भराले लागला. मी इचारलं, "बदली झाली का, साहेब? पुलापायी झाली का?"

"नाही म्हणता येणार नाही," तो म्हने.

शिक्षा होती का बढती होती, तेबी मले समजलं नाही. जाताना त्यानं ती टावेलवाली खुर्ची बोलेरोत टाकून नायकाच्या घरी पोचवली. नायकाले म्हने, "ही सांभाळा. पाहुण्याची आहे." सरकारी खुर्ची, कोनी इचारलं असतं तं? पन कोनी इचारलं नाही.

पोळ्याच्या दोन दिवस आधी सुनेच्या कळा सुरू झाल्या. नाला असा भरला का पुलाच्या नळ्या गर्जून राह्यल्या होत्या. दवाखान्याची गाडी दारापुढं आली. दारापुढं. मी सुनेचं डोकं मांडीवर घेऊन बसली अन् पुलावर आलो तवा डोळे लावून घेतले. पार झाल्यावर दवाखान्याच्या ड्रायव्हरनं सांगतलं, मावशी, उघडा. दवाखान्यात नात झाली.

पाहुना तं आला नाही. येनार नाही असंबी कोनी कळवलं नाही. नायक कोनालेच त्या खुर्चीवर बसू दे ना. सरपंच आले, जावई आले, सारे खाटेवर. टावेल त्याची बायको दर सनाले धुवे.

अशी चार-पाच वर्सं गेली. यंदा तूर सोंगनी चालू होती. नात पुलाच्या कठड्यापाशी खेळून राह्यली होती, मी तिच्यावर डोळा ठेवून बसली होती. तं दुरून एक जन पायी येऊन राह्यला. हातात पिशवी. एसटीतून रोडावर उतरला असन. पुलाच्या तोंडाशी थांबला अन् खिशातून टेप काढला. मंग काय वाटलं कोन जाने, तसाच खिशात ठेवला.

कोट ढगळा झालता त्याच्यावर. केस गेले होते. बटनं मात्र लावलेली.

मी उठली. नातीले हाताशी धरून गेली. त्याच्या गळ्यात पडली अन् सूर लावला. सारं सांगतलं त्याले, नायकाचा बैल गेला, माही नोकरी सुटली, मले दिसाले कमी झालं, गाडी दारापुढं आली, नात झाली, तिचे दात आले, तू लय उशिरा आला. नात आधी घाबरली, मंग तिनं त्याचा कोट धरला.

तो ताठ उभा. मले वाटलं, आता म्हनीन, अंतर ठेवा. मी आपली रडत राह्यली, काहून का समोरच्यानं म्हनल्याशिवाय थांबता येत नाही. मंग त्याचा हात वर आला अन् माह्या डोक्यावर बसला.

"बस, बाई, बस," तो म्हने. "आलो ना मी."

नायकाच्या घरी नेलं. अंगनात त्याले पाहून म्हतारा नायक आत गेला अन् स्वतः ती खुर्ची उचलून घेऊन आला. टावेलासकट. मधात मांडली. साहेब खुर्चीकडे पाहे, पन बसे ना.

"ही पाहुण्याची आहे," तो म्हने.

मी मांगून चहा घेऊन आली होती, कप भरून. त्याले इचारलं नाही.

नायक कमरेवर हात ठेवून म्हने, "बसा ना आता, साहेब. का परस्तावितच राहता?"

त्यानं डोळे मिटले. मंग बसला.